दोन कॅन आंबट पाणी

लोक मला पहिला प्रश्न वासाचा विचारतात. गोव्यात, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत माझी शेड अगदी शेवटच्या गल्लीत आहे. ती तिथे का आहे, हे विचारणाऱ्याला त्याचं नाक सांगतंच. मी म्हणतो, "तुमच्या पायातल्या चपलेला विचारा." पूर्वी हेच मी चढ्या आवाजात म्हणायचो. आता आवाज उतरला आहे, उत्तर तेच आहे.

माझा धंदा कातडी कमावण्याचा. लिहायला सांगणाऱ्या मित्राने बजावलं होतं, "लहानपणापासून सुरुवात करू नकोस, आणि किती मिळवलंस तेही सांगू नकोस." ठीक आहे. मी पाण्याबद्दल लिहितो. एके काळी मी जे फुकटसुद्धा घेतलं नाही, त्या पाण्याबद्दल.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण शिकलेल्या माणसांनाही तो ठाऊक नसतो. जनावराचं कातडं ओलं ठेवलं तर कुजतं आणि वाळवलं तर पापडासारखं कडक होतं. त्याचं चामडं करायचं, म्हणजे त्याच्या धाग्याधाग्यात तुरटपणा नेऊन बसवायचा. हा तुरटपणा झाडांच्या सालीत असतो, हिरड्यात असतो, काजूगरावरच्या तांबूस सालपटातही असतो. काजूचं बोंडू खाल्ल्यावर जीभ जाड होते आणि आखडते, तो अनुभव आपल्याकडे पोरासोरांनाही आहे. त्या वेळी तुमची जीभ थोडीशी कमावली गेलेली असते. आम्ही तेच करतो, फक्त म्हशीच्या कातड्याला करतो आणि चार महिने करतो.

पण नुसता तुरटपणा कामाचा नाही. तो कातड्यात कुठे जाऊन बसेल, हे पाण्याचा आंबटपणा ठरवतो. आमच्या साखळी गावच्या स्टँडवर पणजीची बस लागली की काय होतं ते आठवा. सगळे दारातच थांबले तर मागची बाकं रिकामी राहतात आणि बाहेरचे बाहेरच राहतात. पाणी फार आंबट असलं की तुरटपणा असाच दारात चिकटतो. कातड्याचा वरचा थर घट्ट होतो आणि आत काही शिरत नाही. पाणी मवाळ असलं तर तो सरकत सरकत मध्यापर्यंत जातो, पण तिथे नीट बसत नाही, धुतला की निघतो. म्हणून सुरुवातीला पाणी मवाळ लागतं आणि आंबटपणा पायरीपायरीने वाढवावा लागतो. आत चला, आत चला, आणि मग बसा. आंबटपणा हा आमचा कंडक्टर.

हे आज मी चार वाक्यांत सांगितलं. मला कळायला अर्धं आयुष्य गेलं, आणि तेही माझ्या थोरल्या भावाच्या दारात उभं राहून.

आमचे वडील सावंतवाडीकडून साखळीला आले. डोक्यावर बोचकं आणि खांद्यावरच्या कावडीत दोन घागरी पाणी. गोव्यात पाण्याला तोटा आहे का, म्हणून लोक हसले होते, असं आई सांगायची. आम्हीही हसायचो. ते कसलं पाणी होतं, हे मी कधी विचारलं नाही. वडिलांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला सहा कुंडं खणली. नवी साल सहाव्या कुंडात पडायची. त्यातलं पाणी काही दिवसांनी पाचव्यात, मग चौथ्यात, असं करत पहिल्यापर्यंत उतरायचं. कातडी उलटी चालायची. चुन्यातून काढून, केस उतरवून, कोंड्याच्या पाण्यात धुऊन ती आधी पहिल्या कुंडात शिरायची आणि सहाव्यातून चामडं होऊन निघायची. सहाव्या कुंडात हिरडा आंबलेला असायचा, म्हणून ते सर्वांत आंबट. खाली उतरता उतरता ते पाणी कातड्यातल्या चुन्याशी भांडून भांडून मवाळ होत जायचं. पहिल्या कुंडातलं पाणी म्हणजे त्या भांडणातून उरलेला शहाणपणा. त्यात काही टाकलं तरी ते सहसा बिघडायचं नाही. ते कधीच उपसायचं नाही, हा घरचा नियम. पावसाळ्यात त्यावर पत्रे टाकायचे. घरात सुतक असलं तरी त्याला कुणीतरी ढवळून यायचंच.

ते ढवळण्याचं काम सगुणदादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. दादा बोलायला कमी. कुंडात बोट बुडवायचा, जिभेला लावायचा, थुंकायचा आणि सांगायचा. पहिलं कुंड शिळ्या ताकाएवढं आंबट हवं. तिसरं सोलकढीएवढं. सहावं बिंबलाच्या आंबट फळासारखं, की डोळा मिटला पाहिजे. त्याच्याकडे दुसरं माप नव्हतं आणि त्याचं माप कधी चुकलं नाही.

मी ते पाणी कधी चाखलं नाही. मला किळस यायची. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही आणि त्याचं कारण मला ते पाणी वाटायचं. खरं कारण आमची जात होती, हे नंतर कळलं, पण तोवर नाकाची सवय पक्की झाली होती. मी बाहेरचं काम घेतलं. म्हापशाच्या खाटकांकडून कातडी उचलायची, घासाघीस करायची, चामडं विकायचं. यात मला तोड नव्हती. खाटीक मला बघितलं की आधी चहा मागवायचा, म्हणजे तोंड थोडा वेळ तरी बंद राहील.

एकच किस्सा सांगतो. डिचोलीकडच्या खाणीवर ट्रक चालवणारा एक माणूस आमच्याकडून पट्टा घेऊन गेला आणि महिन्याने तो पट्टा माझ्या तोंडासमोर नाचवत आला. पट्टा काळा पडला होता.

"डांबर लावून विकता काय रे? माझी पँट बघ."

मी त्याच्यावर दुप्पट ओरडलो. "पट्टा कमरेला बांधायचा असतो, खाणीत पुरायचा नसतो."

प्रकरण हातघाईवर आलं असतं. तेवढ्यात दादा मागून आला. त्याने पट्टा हातात घेतला, परसातून दोन बिंबलं तोडून आणली आणि पट्ट्यावर चोळली. काळं हळूहळू उतरलं. खाणीच्या तांबड्या धुळीत लोखंड असतं. लोखंड आणि सालीचा तुरटपणा एकत्र आले की शाई होते, आणि बिंबलाचा आंबटपणा ती शाई सोडवतो. ट्रकवाला थक्क झाला. मी लगेच म्हणालो, "ही आमची घरची विद्या आहे, एरवी आम्ही दाखवत नाही," आणि त्याला आणखी दोन पट्टे विकले. दादा तोवर कुंडांकडे परतलाही होता. आमचं हे असं होतं. तो जाणायचा आणि मी विकायचो.

वडील गेले आणि काही वर्षांनी आम्ही वेगळे झालो. कारण सांगत बसत नाही. मला ड्रम हवा होता. लाकडी, मोटरवर फिरणारा, ज्यात आठ दिवसांत कातडी तयार होतात. दादाला कुंडं हवी होती. मामांना मध्ये बसवलं. मी प्रत्येक वस्तूचा भाव काढून ठेवला होता. तमिळनाडूहून आणलेला जुना ड्रम, कातडी तासायचं यंत्र, गिऱ्हाइकं, टेम्पो, सगळं मी माझ्या बाजूला ओढलं. दादाच्या वाट्याला जमीन, आई आणि कुंडं.

दादा एवढंच बोलला, "कुंडां माझी. पाण्यासकट."

मी म्हणालो, "घे. वाससुद्धा तुलाच."

मामा हसले. दादा नाही हसला. मला वाटलं, हरल्यावर कोण हसतं?

सामान टेम्पोत भरून मी तुयेकडे निघालो. अस्नोड्याच्या पुढे वास असह्य झाला, म्हणून टेम्पो थांबवून मागे पाहिलं. यंत्राच्या मागे दोन निळे कॅन घट्ट बांधून ठेवले होते आणि दोन्ही तोंडापर्यंत पहिल्या कुंडातल्या पाण्याने भरलेले होते. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, जाता जाता आपली घाण माझ्या गळ्यात बांधली. मी दोन्ही कॅन रस्त्याकडेच्या गटारात ओतले, धुतले आणि पुढे ते वापरले. हा किस्सा मी पुढे कित्येक वर्षं हसून सांगत होतो.

तुयेत माझं चांगलं चाललं. बकऱ्याची पातळ कातडी ड्रममध्ये छान व्हायची. तयार सालीची पूड मिळते, आम्लं बाटलीत मिळतात आणि पाण्याचा आंबटपणा मोजायला पेनाएवढं मीटर मिळतं. त्यात आकडा जितका खाली, तितकं पाणी आंबट. पाचपासून सुरू करायचं आणि साडेतीनवर आणून सोडायचं. जीभ लागत नाही, थुंकावं लागत नाही. आई गेली तेव्हा दादा आणि मी स्मशानात शेजारी उभे राहिलो. त्यानंतर बोलणं नाही.

मग केरीच्या मिंगेलने एक ऑर्डर आणली. मिंगेल केरीच्या किनाऱ्याजवळ पर्यटकांसाठी पिशव्या आणि पट्टे शिवतो. कामाला चोख, बोलायला तिखट. त्याला नव्या विमानतळाकडच्या एका हॉटेलाच्या खुर्च्यांचं काम मिळालं होतं. जाड, सालीने कमावलेलं म्हशीचं चामडं हवं, आणि सहा आठवड्यांत.

"वासूबाब, जमता जाल्यार हय म्हण. जमना जाल्यार आतांच सांग."

ड्रममध्ये जाड कातडं मी कधी केलं नव्हतं. पण नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. मी 'हो' म्हटलं. वर भावही चढवून घेतला. शेडमधले चौघे कामगार तेव्हा अर्ध्या कामावर होते. हे काम झालं असतं तर शेड उभी राहिली असती आणि नाही झालं तर तिला कुलूप. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

जाड कातड्यावर रंग चढेना. पंधरा दिवस गेले. मी मीटर बघत होतो, कॅलेंडर बघत होतो, आणि एका सकाळी धीर सुटला. चार दिवसांत थोडं थोडं घालायचं आम्ल मी एकदम ओतलं. आकडा तीनवर आला. रंग काय चढला म्हणता! संध्याकाळी कातडी बाहेर काढली तर सगळी तांबूस तपकिरी आणि देखणी. मी स्वतःची पाठ थोपटली.

मिंगेल बघायला आला. त्याने एका कातड्याच्या मानेकडची पट्टी कापली, कड उजेडात धरून उलटसुलट पाहिली. नंतर ती पट्टी माझ्या हातात दिली.

"पळय. भितर धवें आसा."

दोन तपकिरी कडांच्या मधोमध पांढरट रेघ होती. मी म्हणालो, "सुकल्यावर जाईल." मिंगेलने पिशवीतून त्याच्या घरच्या माडाच्या विनागराची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली काढली आणि दोन थेंब त्या कडेवर टाकले. कमावलेलं चामडं आम्लाला दाद देत नाही, कच्चं कातडं फुगतं. ती रेघ आमच्या डोळ्यांसमोर फुगली आणि जेलीसारखी पारदर्शक झाली.

"हें चामडें न्हय, वासूबाब. हें भायल्यान चामडें, भितरल्यान अजून म्हस."

मी त्याच्यावर ओरडलो. त्याचा सुरा, त्याचं विनागर, त्याचं हॉटेल, सगळ्यांचा उद्धार केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मका हॉटेलाक तोंड दाखोवपाचें आसा. म्हयनोभर वाट पळयतां. मागीर चेन्नईक फोन."

तो गेल्यावर मी पूड विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. पोरगेलासा आवाज होता, पण त्याला काम कळत होतं. तो म्हणाला, वरचा थर दारं लावून बसला आहे. आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ती दारं सैल करा, मग एकदम मवाळ, जुन्या पाण्यात टांगून ठेवा. नवीन पाणी नको, ते पुन्हा वरच बसेल. आणि शेवटी त्याने अगदी सहज विचारलं, "तुमच्याकडे जुनं पाणी असेलच ना, साहेब? खानदानी लोक तुम्ही."

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन साखळीला गेलो. सोबत चार रिकामे कॅन. वाटेत भाव ठरवत होतो. दादाने काय मागितलं तर काय म्हणायचं, कुठे अडायचं, कुठे सोडायचं. एवढी वर्षं न बोललेल्या भावाकडे जाताना माझ्या डोक्यात हेच होतं.

वहिनी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि हातातली सोलं नीट पसरून झाल्यावरच बोलल्या.

"काय ओ भावजी, वाट चुकलात?"

"दादा आहे?"

"असतत. कुंडाकडे. दुसरीकडे खंय जातले?"

"थोडं पाणी हवं होतं. कुंडातलं. विकत."

वहिनींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "आमच्याकडचा पाणी इकत? तेव्हा फुकट दिला ता काय केलात?"

"कधी दिलं?"

"दोन कॅन. टेम्पोत मीच बांधूक लावलंय ह्येंका. तुमच्या बाबांनी येताना दोन घागरी आणल्यानी, तशी तुका दोन कॅन. नव्या जाग्यावर इरजण लागता मां? ह्ये रात्री उठान भरीत होते. भांडाण झाला म्हणान काय झाला, धाकट्याच्या कुंडात घरचा पाणी होया, म्हणत होते."

वहिनी रागावल्या की मला तू म्हणतात. ते पाणी मी काय केलं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. बहुधा तोंडावरून कळलं असावं.

दादा पहिल्या कुंडाच्या कडेला उकिडवा बसला होता. वाळला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "इलंस?" जणू मी सकाळी म्हापशाला गेलो होतो.

मी सगळं सांगितलं. आम्ल एकदम ओतल्याचंही. तो ऐकत होता. मग मी खिशातून मीटर काढलं आणि सवयीने पहिल्या कुंडात बुडवलं. घ्यायच्या मालाची परीक्षा करायची, ही माझी खोड. आकडा बघून मला वाटलं मीटर बिघडलं. साडेतीन. पुसून पुन्हा बुडवलं. तेच.

"दादा, हे पहिलं कुंड सहाव्याएवढं आंबट आहे."

त्याने पाण्याकडे पाहिलं. "तसा काय?"

दादा असं कधी विचारणारा माणूस नव्हता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. वहिनीही मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग त्याने कुंडात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि हात धोतराला पुसला.

"माका कळना नाय. साथीच्या तापात जीभ गेली. वास पण. तेव्हापासून सगळा पाण्यासारख्याच लागता."

"दोन वर्षां?" वहिनी म्हणाल्या. "आणि माका सांगूक नाय? मी कढी करतंय, तुम्ही बरी झाली म्हणता."

"बरीच असतली," दादा म्हणाला.

त्या दोन वर्षांत त्याने काय केलं ते मग तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. पाणी आंबट लागेना, म्हणून तो आंबवलेला हिरडा टाकत राहिला. खालच्या कुंडात, वरच्या कुंडात, सगळीकडे. कातडी वरून घट्ट आणि आतून कच्ची निघू लागली. चपला करणारे दोन कारागीर वीस वर्षांचे संबंध तोडून गेले. त्याने त्यांना काही सांगितलं नाही. मी घाईने जी चूक केली, तीच चूक त्याने चाचपडत केली होती. दोन भाऊ, तालुके वेगळे, पण रेघ तीच.

"कुणाला तरी सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगून काय? माझ्याकडे दुसरा काय होता?"

मी मीटर त्याच्यापुढे धरलं. "हे घे. याला ताप येत नाही. पहिलं कुंड पाचला आणायचं आणि सहावं साडेतीनवर ठेवायचं. बस."

दादाने ते हातातही घेतलं नाही. "माका आकडो नको. आकड्यावरसून माका काय कळाचा नाय. तू चाख. चाखून सांग."

मी म्हटलं ना, मी ते पाणी कधी चाखलं नव्हतं. पन्नाशी उलटलेला माणूस, लाखोंची कातडी हातावेगळी केलेला, आणि त्या कुंडाच्या कडेला मी शाळेतल्या बाकावर बसायचो तसा अंग चोरून बसलो. दादाने स्वतःचं बोट बुडवलं आणि माझ्यासमोर धरलं. मी ते बाजूला सारलं, माझं बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

आधी तुरट. जीभ आखडली. मग आंबट, कानशिलापर्यंत. किळस यायची वाट पाहिली, ती आली नाही.

"सोलकढी," मी म्हणालो.

"आगळाची काय भिजवलेल्या सोलांची?"

मी पुन्हा चाखलं. "आगळाची. कोकमाचं आगळ इतकं जास्त, की डोळा मिटतो."

"मगे चुन्यातली कातरणां टाक हेच्यात. ती आंबट पितत. आठ दिवसांनी परत चाख. ताकावर येऊक होया. घाई करू नको."

शेवटचे तीन शब्द माझ्यासाठी होते.

आम्ही तसंच केलं. चुन्यातून काढलेली कातरणं पोत्यात भरून पहिल्या कुंडात सोडली. मी तुयेला जाऊन कातडी सोड्याच्या पाण्यात सैल केली आणि पिकअपमध्ये घालून साखळीला आणली. रोज जमलं नाही तरी दोन दिवसांआड तुये ते साखळी फेऱ्या मारल्या. मी चाखायचो, दादा विचारायचा. शिळं ताक की ताजं? कैरीचं पन्हं की चिंचेचं? एकदा मी वैतागून म्हणालो, "पाणी आहे, दादा, मेजवानी नाही." तर म्हणाला, "तुझ्या जिभेक रोज भांडूचाच काम होता. वायच दुसरा शिकूं दे." बरोबरीने मी मीटर लावून पाहायचो. माझी जीभ आणि आकडा तिसऱ्या आठवड्यात जुळू लागले. त्याचा मला जो अभिमान वाटला, तो ड्रम घेतला तेव्हाही वाटला नव्हता.

सगळी कातडी वाचली नाहीत. ज्यांचा वरचा थर करपल्यासारखा ठिसूळ झाला होता, ती गेली. त्यांच्या फुटलेल्या वरच्या थराला काही उपाय नसतो. निम्म्याहून थोडी अधिक बरी निघाली. मिंगेल साखळीला आला, त्याने प्रत्येक कातड्याची मानेकडची पट्टी कापून विनागराचे थेंब टाकून बघितले आणि चांगली उचलली. हॉटेलाने उरलेल्या खुर्च्या दुसरीकडून करून घेतल्या. मिंगेलने मला पुन्हा काम दिलं, पण पूर्वीसारखा भाव चढवू दिला नाही. तो आता कधीही आला, तरी त्याच्या खिशात विनागराची बाटली असते. हे मला लागतं, आणि लागायलाच हवं. शेडला कुलूप लागलं नाही. चौघांपैकी एक मात्र त्या मधल्या दिवसांत वेर्ण्याला कामावर गेला, तो परत आला नाही.

आता खरं सांगायचं तर माझा राग गेलेला नाही. इतकी वर्षं मी हा राग घेऊन होतो की वाटणीत दादाने मला हलकं धरलं, घाण बांधून दिली. आता राग बदलला आहे, गेलेला नाही. एक दिवस कुंड ढवळताना मी त्याला विचारलंच.

"वाटणीच्या दिवशी तोंडाने सांगायला काय झालं होतं? हे पाणी म्हणजेच धंदा आहे, एवढं बोलला असतास तर..."

दादाने बांबू थांबवला.

"तू त्या दिवशी सगळ्या वस्तूंचो भाव इचारलंस. पाण्याचो इचारूक नाय."

तरीही मला वाटतं की त्याने सांगायला हवं होतं. ज्याला ठाऊक असतं त्याने बोलावं. न बोलता दोन कॅन बांधून ठेवणं, न बोलता दोन वर्षं बेचव कढी पिणं, हा मोठेपणा असेल, पण त्यात कातडी कुजतात. हे मी त्याला तोंडावरही सांगितलं. तो म्हणाला, "बरा," आणि ढवळू लागला.

काम संपलं त्या दिवशी मी निघताना दोन कॅन घेऊन कुंडाकडे गेलो. तेच निळे, जे मी धुऊन वापरत आलो होतो. झाकणं बदलली होती, बाकी तेच. दादाने ते ओळखले की नाही, मला कळलं नाही. त्याने पहिल्या कुंडातलं पाणी स्वतः भरलं, झाकणं आवळली आणि माझ्याकडे बघितलं. मी कुंडात बोट बुडवून चाखलं.

"ताक," मी म्हणालो. "शिळं."

"हां," दादा म्हणाला.

या वेळी मी ते मागे ठेवले नाहीत. शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. वास होताच. काच खाली केली नाही. अस्नोड्याच्या पुढे ते वळण आलं, ते गटार आलं. मी गाडी हळू केली. थांबलो मात्र नाही. कॅन तोंडापर्यंत भरलेले होते आणि तुयेपर्यंत त्यातलं काही सांडायला नको होतं.